सातपुड्यात फिरायला हलकी झूम लेन्स: कोणती घ्यावी?

पांझराकाठ (धागाकर्ता, धुळे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण प्रश्न आता खरोखर खांद्यावर आलाय.

माझ्याकडे निकॉन डी७५० आहे. सोबत २४-७० एफ/२.८ (जुनी, हाताचा हलका कंप सावरणारी व्हीआर सोय नसलेली) आणि ७०-२०० एफ/२.८ (पहिले आकडे मिमीतले, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). आठ-नऊ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्या, तेव्हा या दोन लेन्सनी घर चालवायला हात दिला. आता ते काम थांबवलंय. उरलाय तो माझा स्वतःचा छंद: डोंगर, नद्या, गावं, घरच्यांसोबतचा प्रवास.

श्रावणात तोरणमाळला गेलो होतो. रात्री मुक्काम केला आणि पहाटे सीताखाईच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आदल्या दिवशी खांदा इतका भरून आला होता की ७०-२०० मी गाडीतच ठेवली होती. खाली दरीत ढग भरलेले, आणि समोरच्या कड्यावरून एक बारीक धबधबा ढगात उतरत होता. ७० वर तो धबधबा म्हणजे फ्रेममध्ये पांढरा दोरा. मी गाडीकडे पळालो, लेन्स घेऊन परत आलो, तोवर ढग वर चढून कडा दिसेनासा झाला होता. दुपारपर्यंत थांबलो. काही उघडलं नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं. बॉडी बॅटरीसकट ८४० ग्रॅम, २४-७० ची ९००, ७०-२०० ची १५४०. ट्रायपॉड आणि पाणी सोडून ३ किलो २८० ग्रॅम. वय ४७. डॉक्टरांनी मानेवरचा भार कमी करा म्हणून स्पष्ट सांगितलंय.

बजेट पन्नास-साठ हजार. जुनं विकून थोडी भर घालता येईल. फिरणं मुख्यतः इथलंच: तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंग, मनुदेवी, पाल, जमलं तर दिवाळीत अस्तंबा. वर्षा-दोन वर्षांतून एखादा लांबचा प्रवास. काय घेऊ?

---

गिरणाकाठी (चाळीसगाव)

भाऊ, आधी काहीच घेऊ नका. तुमच्याकडे उत्तर आहे, ते हार्डडिस्कमध्ये पडलंय.

प्रत्येक फोटोत कॅमेरा फोकल लेन्थ (ते मिमीचे आकडे), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं, म्हणजे एफचा आकडा), शटर स्पीड लिहून ठेवतो. फोटो लावायची बरीच सॉफ्टवेअरं त्यावरून गाळणी लावून देतात. लग्नाचे फोटो बाजूला काढा. फक्त फिरण्याचे, त्यातलेही तुम्ही निवडून ठेवलेले फोटो घ्या. किती २४ च्या आसपास आहेत, किती मधले, किती १०० च्या पुढचे? आणि किती फोटो खरोखर एफ/२.८ वर काढलेत? ते मोजा आणि इथे लिहा. मग बोलू.

मी स्वतः हे न करता एक १६-३५ घेतली होती. दोन वर्षांत तिच्यावर काढलेले ठेवण्याजोगे फोटो बोटावर मोजण्याइतके निघाले. पाटणादेवीच्या दरीत, केदारकुंडाच्या समोर उभं राहिलं की ती लागते. बाकी वेळ ती बॅगेतच पडून असायची.

---

मांडवउजेड (जळगाव)

मी उलट बाजू मांडतो, कारण मी आजही लग्नं करतो. एफ/२.८ विकायची घाई करू नका दादा. हळदीचा कार्यक्रम, रात्रीची वरात, अंधारा मांडव, अशा वेळी एफ/२.८ ऐवजी एफ/४ लावलं की आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) थेट दुप्पट होतो. एफ/५.६ ला चौपट. तुम्ही काम सोडलंय म्हणता, पण भावाच्या मुलीचं लग्न निघालं तर कॅमेरा तुमच्याच हातात येणार.

दुसरं अजिंठा. आमच्यापासून साठेक किलोमीटर, पाहुणे आले की जाणं होतंच. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आत उजेड अगदी कमी. तिथे मोठं ॲपर्चर लागतं.

---

तापीपूर्णा (मुक्ताईनगर)

मांडवउजेड यांचं लग्नाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण धागाकर्ते डोंगर काढायला निघालेत, आणि डोंगर हलत नाही.

जड लेन्स जड का असते ते आधी बघू. लेन्सच्या तोंडाचा उपयोगी व्यास म्हणजे फोकल लेन्थ भागिले एफ नंबर. २०० मिमी ला एफ/२.८ हवा असेल तर ७१ मिमी रुंद काच लागते. एफ/४ ला ५०. ३०० मिमी एफ/५.६ ला ५४. व्यास वाढला की काच जाडही करावी लागते, म्हणून वजन व्यासाच्या मानाने फार झपाट्याने वाढतं. खांद्यावर वाहताय तो हा एक-दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजेड आहे, आणि निसर्गचित्रात आपण तो वापरतच नाही. तिथे एफ/८ लावतो, फार तर एफ/११. फुल फ्रेमवर (तुमच्या डी७५० सारख्या मोठ्या सेन्सरवर) त्यापुढे गेलं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, बारकावे मऊ पडायला लागतात.

हिशोब करून पाहा: २४ मिमी, एफ/८, साधारण अडीच मीटरवर फोकस. सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. एफ/२.८ तुम्हाला इथे काहीच देत नाही.

आणखी एक. तुमच्या २४-७० ला व्हीआर नाही आणि डी७५० च्या सेन्सरलाही स्थिरीकरण नाही. ७० मिमी वर हातात धरून शटर १/८० सेकंदापेक्षा हळू लावणं जोखमीचं. व्हीआर असलेल्या लेन्सवर तेच १/१० ला जमू शकतं. हा फरक तीन स्टॉपचा, म्हणजे एफ/२.८ आणि एफ/८ मधला नेमका तेवढाच. ट्रायपॉड नसेल आणि पहाटेचा डोंगर काढायचा असेल तर हलकी, कमी उजेडाची पण व्हीआर असलेली लेन्स तुमच्या महागड्या लेन्सच्या पुढे जाते.

अजिंठ्याचं म्हणाल तर तिथे आणि रात्रीच्या घरगुती प्रसंगांना ५० मिमी एफ/१.८ ठेवा. वजन १८५ ग्रॅम. खिशात मावते.

---

केळीबाग (रावेर)

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. माझ्याकडे कॅननचा लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, त्यामुळे तुमच्या निकॉनबद्दल मला सांगता येणार नाही, पण खान्देशाबद्दल एक सांगायचंय.

मी सुरुवातीला १०-१८ घेतली, कारण सगळे म्हणायचे लँडस्केप म्हणजे वाइड, रुंद दृश्य टिपणारी लेन्स. लेन्स सुरेख आहे, वजन फक्त २४० ग्रॅम. केळीच्या बागेत, दोन ओळींच्या मधे खाली बसून वर बघत फोटो काढायचा असेल तर तिच्यासारखं काही नाही. पण आमच्या मळ्यातून उत्तरेला सातपुडा दिसतो ना, तो या लेन्समध्ये एक निळी रेघ होऊन जातो. नुसतं आभाळ आणि नुसती काळी जमीन, मधे रेघ. किती वर्षं मला वाटायचं माझाच डोळा कच्चा आहे.

मग ५५-२५० घेतली, ३७५ ग्रॅमची. थंडीत सकाळी सातच्या सुमारास गच्चीवर गेले आणि २०० वर लावून पाहिलं. डोंगर उठून उभा राहिला! एकामागे एक चार रांगा, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा फिकट, आणि सगळ्यांत पुढे आमच्याच गावातल्या चुलींचा धूर. त्या दिवसापासून मी गच्चीवरच जास्त फोटो काढते.

आपल्याकडे तापीचं सपाट खोरं आणि लांबवर डोंगर, अशी जमिनीची मांडणी आहे. लांबचं जवळ ओढणारी लेन्स इथे वाइडपेक्षा जास्त कामाची, हे माझं ठाम मत. दादा, तुम्ही ७०-२०० गाडीत ठेवलीत आणि तिचीच गरज पडली, यात मला काही नवल वाटलं नाही.

---

गिरणाकाठी

केळीबाग ताई, हे फार नेमकं सांगितलंत. खोऱ्यात उभं राहून डोंगर काढायचा तर लांब लेन्स, डोंगराच्या आत शिरल्यावर वाइड. आमच्याकडे कन्नड घाटाच्या माथ्यावरून खाली चाळीसगावकडचं मैदान काढतानाही १०० च्या पुढेच जावं लागतं.

---

अनेरवारा (चोपडा)

भो, वजन कितलं शे ते पहिले दखा, मंग बाकीनं! मी गेल्या वर्षी डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या धर्तीचा कॅमेरा) देऊन टाकला आणि निकॉन झेड ५ हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा व २४-२०० घेतली. बॉडी ६७५ ग्रॅम, लेन्स ५७०, झालं. सव्वा किलोत २४ पासून २०० पर्यंत सगळं. लेन्स बदलायचीच नाही. कपाशी वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्यावरून जाताना हवेत किती धूळ असते ते आपल्याला माहीत आहे. लेन्स काढली की सेन्सरवर ठिपके, आणि एफ/११ ला ते आभाळात हमखास दिसतात.

उणी बाजू पण सांगतो. ही लेन्स २०० वर एफ/६.३ असते, आणि तिथे पोचायच्या बऱ्याच आधी ती अंधारी होते. संध्याकाळी चालत्या माणसांना, जनावरांना ती पुरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नाचताना काढायला गेलो, ऊन उतरल्यावर बहुतेक फोटो हलले.

---

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणाकाठी यांनी सांगितलेलं काम दोन रात्री बसून केलं. तीन वर्षांतले, लग्न सोडून, निवडून ठेवलेले ६१२ फोटो निघाले.

२४ ते २८ मधले १७१. २८ ते ७० मधले १५५. ७० ते २०० मधले २८६.

एफ/८ ते एफ/११ वर ४९८. एफ/४ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरवर फक्त ४१, आणि त्यातले बहुतेक घरातले, आईचे आणि मुलांचे.

मला वाटत होतं मी वाइडवाला माणूस आहे. सगळ्यांत जास्त फोटो ७०-२०० चे निघाले, म्हणजे जी लेन्स जड म्हणून मागे ठेवत होतो तिचेच. आणि ती सोबत नसताना सुटलेले फोटो तर मोजताही येणार नाहीत. हा आकडा बघून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आता प्रश्न असा: अनेरवारा भाऊंसारखं सगळं बदलून मिररलेस घेऊ, की डी७५० ठेवून फक्त लेन्स बदलू?

---

तापीपूर्णा

तुमच्या बजेटमध्ये बॉडी ठेवा. डी७५० चा सेन्सर निसर्गचित्रासाठी आजही उत्तम आहे, सावल्यांतून तपशील फार छान वर येतो.

निकॉनच्या जुन्या माऊंटमध्ये (लेन्स जोडायच्या खाचेत) दोन लेन्स बघा; एएफ-एस, एएफ-पी ही लेन्समधल्या फोकस मोटरच्या प्रकारांची नावं. एक, एएफ-एस २४-८५ एफ/३.५-४.५ व्हीआर, ४६५ ग्रॅम. दुसरी, एएफ-पी ७०-३०० एफ/४.५-५.६ व्हीआर, ६८० ग्रॅम. दोन्ही मिळून ११४५. तुमच्या आत्ताच्या दोन लेन्स २४४०. बॉडी तीच ठेवून १२९५ ग्रॅम कमी होतात, आणि वर २०० च्या ऐवजी ३०० मिळतात.

२४-१२० एफ/४ पण आहे, पण ती ७१० ग्रॅमची. एकच लेन्स न्यायची असेल तर ती बरी. तुमचे आकडे पाहता १२० वर तुमचं समाधान होणार नाही. ७०-२०० एफ/४ सुंदर लेन्स आहे, ८५० ग्रॅम. पैसे आणि खांदा दोन्ही तयार असतील तर जरूर.

७०-३०० घेताना एक काळजी घ्या: नावात एएफ-पी आहे का ते बघा. जुनी एएफ-एस ७०-३०० पण बाजारात भरपूर फिरते, ती वेगळी. आणि एएफ-पी साठी डी७५० चं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ही लेन्स चालतच नाही.

---

मांडवउजेड

आकडे पाहिल्यावर मी माझं मत बदलतो. ६१२ पैकी ४१ म्हणजे तुम्हाला डोंगरासाठी एफ/२.८ नकोच. फक्त २४-७० लगेच विकू नका, घरच्या कार्यासाठी कपाटात राहू द्या. ७०-२०० मात्र चांगल्या स्थितीत आहे तोवरच विकलेली बरी.

---

उन्हाची_झळ (भुसावळ)

छोटीशी भर. लांब लेन्स घेतलीत तर आपल्या उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या आतच काम आटपा. पारा ४४-४५ ला जातो त्या दिवसांत जमिनीवरून उठणारी गरम हवा थरथरते आणि दहा किलोमीटरवरचा डोंगर पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. मी हतनूरच्या बॅकवॉटरवर एप्रिलमध्ये दुपारी काढलेले सगळे फोटो धूसर आले. लेन्स खराब म्हणून दुरुस्तीला देऊन आलो होतो. लेन्समध्ये काहीच दोष नव्हता, दोष हवेचा होता. पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, हवा धुतलेली असते, तेव्हा तीच लेन्स पाहा.

---

केळीबाग

सेकंडहँड घेणार असाल तर दादा, माझं नुकसान ऐकून ठेवा. एका विक्रेत्याकडून मी फोटो बघून लेन्स मागवली. घरी आल्यावर टॉर्च लावून पाहिली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. वरून पुसून जात नाही, लेन्स उघडावी लागते, आणि उशीर झाला असेल तर काचेवरचा थरच खाल्लेला असतो. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी हातात घेतल्याशिवाय काही घेत नाही. दोन्ही टोप्या काढायच्या, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरायचा आणि समोरून आत बघायचं. एखाददुसरा धुळीचा कण असला तर चालतं. धागे किंवा दुधाळ डाग दिसला तर लेन्स तिथेच ठेवून उठायचं. मग झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवायची, वाळू असल्यासारखी करकरली तर नको. लेन्स तोंडाने खाली धरायची, नळी आपोआप बाहेर घसरते का बघायचं. आणि शेवटी विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहायचे. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा अंधुक असेल तर आतली काच सरकलेली असते, बहुधा पडल्यामुळे.

पावसाळ्यात मनुदेवीच्या धबधब्याजवळून आलात की बॅग बंद करून ठेवू नका. लेन्स वाळू द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. मी डाळीचा मोठा प्लॅस्टिकचा डबा वापरते, रबरी कडेचा.

---

पांझराकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतलाय.

दरम्यान इथल्या एका मित्राकडून २४-८५ चार दिवसांसाठी मागून आणली. काल पहाटे लळिंगला चढलो. पाऊण तासाची चढण, दर वेळी मी दोनदा बसतो. काल बसलो नाही.

तटावर पोचलो तेव्हा सूर्य उगवायला वीस मिनिटं होती. खाली मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकांचे दिवे चालू होते, आणि पलीकडे कुरणावर धुक्याचा एक पातळ थर. मुद्दाम ट्रायपॉड नेला नव्हता. तटाच्या दगडावर कोपर टेकवून, श्वास धरून, ७० वर १/१५ ला दहा फोटो काढले. सात स्वच्छ आले. माझ्या जुन्या २४-७० ने या उजेडात मी हे धाडस केलं नसतं.

दोष पण सांगतो. २४ वर सरळ रेषा चांगल्याच बाहेर फुगतात, तटाची भिंत पोटासारखी आली. सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत सरळ झाली. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर कोपरे मऊ आहेत, एफ/८ ला तक्रार नाही. माझ्या जुन्या लेन्सइतकी ती दणकट वाटत नाही हेही खरं, आणि पावसात मी तिच्यावर तितका विश्वास टाकणार नाही. एक शॉवर कॅप बॅगेत ठेवलीय.

फिल्टरचं विचारायचं राहिलं. माझा पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर) ७७ मिमीचा आहे आणि या लेन्सचं तोंड ७२ चं.

---

गिरणाकाठी

७२ ते ७७ ची स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवायची कडी) घ्या, किरकोळ किमतीत मिळते. हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) मात्र मग बसत नाही, उन्हाला टोपीची सावली धरावी लागते. ७०-३०० ला ६७ ते ७७ ची वेगळी रिंग घ्या. आणि २४ वर पोलरायझर लावताना आभाळ बघा, एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकट असा पट्टा पडतो. पाण्यावरची चकाकी आणि ओल्या पानांची चमक घालवायला तो ठेवा, निळ्या आभाळासाठी नको.

---

पांझराकाठ

मंडळी, अडीच महिन्यांनी परत येतोय.

७०-२०० विकली. ती गेली त्या दिवशी वाईट वाटलं, तिने खूप दिलं होतं. २४-८५ आणि एएफ-पी ७०-३००, दोन्ही सेकंडहँड, दोन्ही टॉर्च लावून, भिंतीचा फोटो काढून घेतल्या. ठरवलेल्या पैशांत बसल्या, ५० एफ/१.८ पण आली. २४-७० कपाटात आहे.

मागच्या आठवड्यात पुन्हा तोरणमाळ. थंडी कडक होती, यशवंत तलावावर वाफ उठत होती. दोन्ही लेन्स कमरेच्या पिशवीत, मानेवर काहीच नाही. सीताखाईला त्याच जागी उभा राहिलो. धबधबा आता आटलाय, ढगही नव्हते. पण उजवीकडे दरी वळते तिथे ऊन एका कड्याला लागलं आणि मागचे तीन कडे सावलीत राहिले. लेन्स हाताशी होती. १३५ वर, एफ/८, १/२००. सात-आठ मिनिटांत ऊन सगळीकडे पसरलं.

तो फोटो आईला दाखवला. तिने विचारलं, हे झाड कुठलं? कड्याच्या टोकावर एक निष्पर्ण झाड होतं, काढताना मला दिसलंच नव्हतं.

---

केळीबाग

दादा, फोटो इथे टाका ना. आणि ते झाड सालईचं असेल, पांढुरक्या खोडाचं आहे का बघा.

---

पांझराकाठ

मोठं करून पाहिलं ताई. खोड पांढुरकंच आहे. संध्याकाळी टाकतो.